गिअरची बाईक शिकणे आणि आरटीओचा आठ (ठाणे-नवी मुंबई)

वाघबीळकर
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवर राहते. स्कूटर बरीच वर्षं चालवतेय, लायसन्सही आहे, पण ते विनागिअरचं. नवऱ्याची दीडशे सीसी पल्सर खाली कव्हर घालून उभी आहे, तो आता ट्रेन आणि रिक्षात सुखी. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आलाय, नुकताच १८ पूर्ण झालाय, त्याला पहिलंच लायसन्स काढायचंय. म्हटलं, त्याच्याबरोबर आपणही गिअरची शिकून घ्यावी. माझं वय ४३, उंची बेताची.

जवळच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये विचारून आले. "मॅडम, कार शिकवतो, स्कूटी शिकवतो. बाईक घरचेच शिकवतात." घरचे म्हणजे नवरा, आणि त्याच्याकडून शिकायला बसले तर गिअर राहील बाजूला. तेव्हा तुम्हीच सांगा. सराव कुठे करायचा, आहे त्या लायसन्सवर गिअर कसा चढवतात, एजंटशिवाय जमतं का, आणि परीक्षेत मैदानावर आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवायला लावतात, तो आठ खरंच एवढा अवघड असतो का?

चहाबिस्कीट
नवऱ्याकडून गाडी शिकणे यावर वेगळा धागा काढा. दोन दिवसांत शंभरी गाठेल.

खाडीपल्याड
कागदांचं मी सांगतो, चालवण्याचं जाणकार सांगतील.

ताई, तुमचं आणि भाच्याचं काम वेगवेगळं आहे. त्याचं सगळं पहिल्यापासून. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा (शिकाऊ लायसन्सचा) अर्ज करायचा, आधारवरून ओळख पटवली की परीक्षा घरबसल्या देता येते. आपल्याकडे ही सोय २०२१ पासून आहे. साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. त्याला प्रश्नसंच पाठ करायला लावू नका, चिन्हं वाचायची रीत सांगा. त्रिकोण सावध करतो, गोल हुकूम देतो, चौकोन माहिती देतो. गोलाची कड लाल असेल तर मनाई किंवा मर्यादा, गोल निळा भरलेला असेल तर असंच करा. एवढ्यावर निम्मी परीक्षा निघते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही सांगून ठेवा. अर्जात गाडीचा वर्ग 'मोटरसायकल विथ गिअर' हाच निवडू दे. गिअरचं लायसन्स असलं की स्कूटर त्यातच आली, उलटं मात्र होत नाही, हे तुम्हाला कळलेलंच आहे. कारही शिकणार असेल तर तोही वर्ग त्याच अर्जात टाकता येतो.

तुमचं म्हणजे आहे त्या लायसन्सवर वर्ग वाढवणं. आधी गिअरचं लर्निंग काढावंच लागेल, पण चालू लायसन्स असल्यामुळे चिन्हांची परीक्षा तुम्हाला माफ. चाळिशी ओलांडलीय म्हणून फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल. भाच्याला नुसता फॉर्म १, त्यात आपल्या तब्येतीचं आपणच लिहून द्यायचं असतं.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या परीक्षेला ३० दिवस झाल्याशिवाय बसता येत नाही. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा, आणि तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबायचं. एजंट लागत नाही. अर्ज भरायला वेळ नाही म्हणून कोणी एजंट धरला तर समजू शकतो, पण "गाडी न चालवता पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात भाच्याला नेऊ नका.

जुना_लुनावाला
माझं ऐकाल तर पल्सर राहू दे झाकलेली, शिकायला कोणाची तरी स्प्लेंडर मागा. ती ११२ किलोच्या आसपास, पल्सर दीडशेच्या घरात. हा फरक चालवताना कळत नाही, गाडी कलंडायला लागली की कळतो. शिवाय स्प्लेंडरचे चारही गिअर पायाने पुढे दाबत जायचे. पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे वर, न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधे, अर्ध्या टिचकीवर. नवशिक्याचा जीव सिग्नलला ते न्यूट्रल शोधण्यात जातो.

आम्ही लुनावरून चेतकवर गेलो. तिचा गिअर डाव्या मुठीत, क्लचसकट मूठ फिरवायची. तिथून जुन्या बुलेटवर, तर तिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या. घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला जायचा. आताच्या सगळ्या बाईकचा गिअर डाव्याच पायाला, त्यामानाने तुमची पिढी सुखात आहे.

सायलेन्सर
काका, स्प्लेंडर सोपी आहे हे मान्य, पण घरात जी उभी आहे तीच पुढे चालवायची ना? मग तिच्यावरच शिकू दे. दोन गाड्यांचे दोन गिअर पायात बसवायचे म्हणजे दुप्पट गोंधळ.

ताई, तुम्ही स्कूटरवाल्या आहात. तोल, आरसे, गर्दीचा अंदाज हे सगळं तुमच्याकडे तयार आहे. भाच्यापेक्षा तुम्ही लवकर शिकाल. अडचण एकच, तुमचा डावा हात इतकी वर्षं ब्रेक मारत आलाय. बाईकवर तिथे क्लच आहे. समोर कुत्रं आलं की डावा हात आपोआप आवळला जाणार, क्लच दबणार, आणि गाडी थांबायची सोडून मोकळी पुढे जाणार. ही सवय मोडायला आठवडाभर तरी लागतो, आणि ती रस्त्यावर मोडायची नसते.

सुरुवात अशी करा. सोसायटीच्या आवारात सपाट जागा बघा. गाडी चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. आता क्लच केसाकेसाने सोडा. एका जागी इंजिनचा आवाज जड होईल, हँडलमधून बारीक थरथर जाणवेल आणि चाक हलेल. तिथेच बोटं थांबवा. हा हाफ क्लच. गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकेल. दोन हात सरकली की क्लच दाबा, मागचा ब्रेक लावा, थांबा. पुन्हा तेच. क्लच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, गॅसची कळ आहे, मधल्या सगळ्या जागा कामाच्या. ही जागा बोटांना न बघता सापडेपर्यंत दुसरा गिअर टाकूच नका. भाचा कंटाळेल, कंटाळू दे.

मग ॲक्सिलरेटर थोडा द्या, हाफ क्लचवरच राहा आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा. गाडीला एकीकडून ओढ आणि एकीकडून अडकाव मिळाला की ती माणूस चालतो त्या वेगातही सरळ राहते. मैदानावरचा आठ या एका गोष्टीवर निघतो. पुढचा ब्रेक आठमध्ये विसरायचा. हँडल वळलेलं असताना तो दाबला की गाडी आडवीच.

वाघबीळकर
डाव्या हाताचं अगदी खरं आहे, बसल्या बसल्या हात आवळून पाहिला. माझी खरी भीती वेगळी आहे. कापूरबावडीला सिग्नल सुटला, गाडी बंद पडली, आणि मागे कंटेनर.

सायलेन्सर
गाडी बंद पडणारच, सगळ्यांची पडते. क्लच दाबायचा आणि स्टार्टरचं बटण मारायचं, एवढंच. पल्सर क्लच दाबलेला असला की गिअरमध्येही चालू होते, न्यूट्रल शोधत बसायचं नाही. हे आवारात मुद्दाम गाडी बंद पाडून करून बघा. हाताला सवय झाली की मागच्या हॉर्नचं काही वाटत नाही.

पामबीच
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. आपल्याकडची परीक्षा म्हणजे विनोद आहे. मोकळ्या मैदानावर पहिल्या गिअरमध्ये आठ काढला की सरकार म्हणतं, जा आता ठाणे-बेलापूर रोडवर ट्रेलरच्या मधून. दुसरा गिअर कोणी टाकायला सांगत नाही. जोरात ब्रेक मारून दाखव म्हणत नाही. आरसा बघतोस का, हे कोणी बघत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका मुलाने आठ झकास काढला आणि पामबीचवर पहिल्या पावसात पुढचा ब्रेक करकचून मारला. खांद्याला प्लेट आहे आता.

पास होणं आणि चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताई, आठची काळजी सोडा, रस्त्याची करा.

उपवनकर
पामबीच, अर्धं पटलं. रस्त्याचं खरं आहे. पण आठला विनोद म्हणू नका, निम्मी जनता तिथेच पाय टेकते. माझ्या रांगेत सगळे रोज बाईक चालवणारे होते, लायसन्स नव्हतं एवढंच. तीन हात नाक्यावरून सुसाट येणारे पठ्ठे मैदानावर डगमगत होते, कारण हळू चालवायची सवयच नाही. आणि ठाण्यातला रस्ता हळूचाच आहे हो. घोडबंदरला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना घासून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत. आठ म्हणजे आपला रोजचा प्रवासच, फक्त रिक्षा नसतात.

मैदानावर काय होतं ते सांगतो. सकाळी लवकर पोहोचा, ऊन चढलं की हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. गाडी आपली न्यायची. आरसी, विमा, पीयूसी जवळ ठेवा, पीयूसी संपलेली असेल तर आदल्या दिवशीच काढून घ्या. गाडीला पुढेमागे एल हवा, पांढऱ्यावर लाल. नियमात पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटीमीटर उंच सांगितलंय, पण बहुतेक जण लाल टेपचे दोन तुकडे चिकटवून येतात. बाहेर भाड्याने बाईक देणारे उभे असतात. त्यांची गाडी घेऊ नका. अनोळखी क्लच कुठे धरतो हे कळायच्या आतच नंबर येतो.

जमिनीवर पट्टे असतात, पुसटही असतात. आपल्या आधीच्या दोघा-तिघांची चाकं कुठून जातात ते बघून ठेवा. आपला नंबर आला की बघायचं पुढच्या वळणाकडे, चाकाकडे नाही. मान आधी वळली की गाडी मागोमाग येते. माझ्या पुढचा मुलगा पट्ट्यावर नजर रोवून गेला आणि मधल्या फुलीवर, जिथे एका गोलातून दुसऱ्यात जायचं, तिथेच पाय टेकला. मधली फुली सरळ रेषेत पार करायची, तिथे अंमळ ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मग मान दुसरीकडे. साहेब हाताचे इशारेही विचारतात. थांबणार असाल तर उजवा हात कोपरात वर. वेग कमी करणार असाल तर हात बाहेर, तळवा खाली, वरखाली. उजवीकडे वळताना हात सरळ बाहेर. डावीकडे वळताना उजवाच हात घड्याळाच्या उलट फिरवायचा. बाईकवर उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो, त्यामुळे हे उभ्यानेच विचारतात.

पामबीच
बरं, आठला विनोद म्हणालो ते मागे घेतो. परीक्षा तेवढ्यावर संपते हा विनोद आहे.

पाच_फूट_नेमकी
वाघबीळकर ताई, उंचीचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी बाईकवर ऑफिसला जाते, घणसोली ते तुर्भे. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हे खूळ डोक्यातून काढा. थांबताना फक्त डावा पाय टेकायचा, उजवा ब्रेकवरच. सीटवर थोडं डावीकडे सरकलं की अख्खं पाऊल पुरतं. रस्त्याला उतार असतो, टेकायच्या आधी पाय कुठे पडणार ते बघा. डावीकडे गटाराकडे उतार असला की पाय खोल जातो आणि गाडी अंगावर येते. दीडशे किलोची गाडी कलली की ताकदीने सावरता येत नाही. कलायच्या आत थांबवायची असते.

दुसरं म्हणजे गाडी हाताने ढकलायला शिका, इंजिन बंद ठेवून. डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही हात हँडलवर, कंबर सीटला लावून. पार्किंगमधून मागे काढायची, वळवायची, साइड स्टँडला लावायची. वजन कुठे जातं हे तेव्हा कळतं. मी तर हे आधी शिकले, चालवायला नंतर. आणि ओढणी, पलाझो, सॅंडल हे सगळं घरी. चेनकव्हर असलं तरी कापड आत जातं. घोट्यापर्यंतचे बूट घ्या, सपाट तळाचे, गिअर वर ओढायला बुटाचं नाक पातळ हवं.

वाघबीळकर
फार उपयोगी लिहिलंत. ढकलायचं आजपासूनच सुरू. वॉचमन बघत राहील, बघू दे.

दोघांचंही लर्निंग हातात आलं. भाच्याने परीक्षा दुपारी जेवणाच्या ताटावरून उठून दिली आणि पास झाला, निळा गोल विचारला म्हणे. आता खाडीपल्याड यांना एक विचारायचं होतं. लर्निंगवर चालवताना काही झालं तर विमा चालतो का? नवरा म्हणतो नाही.

खाडीपल्याड
चालतो, पण अटीसह. विम्याच्या कागदात ओळ असते बघा. लर्निंगवाला चालवू शकतो, फक्त केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा. त्यात लर्निंग चालू असणं, शिकवणाऱ्याकडे पक्कं लायसन्स असणं आणि एलची पाटी आली. बाईकच्या बाबतीत आणखी एक. मागे शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणालाही बसवायचं नाही. म्हणजे भाच्याने लर्निंगवर मित्राला डबलसीट घेतलं की विमा कंपनीच्या हातात आयतं कोलीत. हे त्याला दम देऊनच सांगा, मैत्रीत ते पहिलं मोडतं.

आणि लर्निंग निघायच्या आधी त्याला आवाराबाहेर सोडला नसेल ही आशा. बिनलायसन्स चालवल्याला ५००० रुपये दंड आहे, आणि गाडी ज्याने दिली त्यालाही तितकाच.

चहाबिस्कीट
म्हणजे नवऱ्याला १८ वर्षांच्या भाच्यापायी ५०००. त्याने कव्हर उगाच नव्हतं घातलं.

जुना_लुनावाला
सरावाच्या जागांचं राहिलंच. वागळे इस्टेटमधल्या आतल्या गल्ल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकाम्या असतात, पण ट्रकचं ऑइल सांडलेलं असतं. नवी मुंबईत खारघरच्या आतल्या सेक्टरांचे रस्ते रुंद आणि सरळ, गिअर चढवायचा-उतरवायचा सराव तिथे उत्तम. चढावर गाडी उचलायला पारसिक हिलचा रस्ता बरा, बेलापूरकडून. तुम्हाला घरापासून जवळ म्हणजे येऊरचा चढ, पण ते नॅशनल पार्कचं जंगल आहे, गेटवर वेळेचं बंधन असतं आणि शनिवार-रविवारी गर्दीही. भल्या सकाळी जा आणि हॉर्न वाजवू नका.

सायलेन्सर
चढाची कृती: मागचा ब्रेक दाबलेला, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा जास्त, क्लच त्या जड आवाजापर्यंत आणायचा आणि मगच ब्रेक सोडायचा. गाडी मागे घरंगळली तर ब्रेक लवकर सोडलात. कोपरीच्या पुलावर चढताना ट्रॅफिकमध्ये याचीच गरज पडते.

ब्रेकचा सराव मात्र खारघरसारख्या ठिकाणी करा. कोरडा, सरळ रस्ता, हँडल सरळ, वेग ३०. पुढचा ब्रेक झटक्याने आवळायचा नाही, आधी हलका लावायचा, गाडीचं वजन पुढच्या चाकावर आलं की मग जोर. थांबवायचं बहुतेक काम पुढचाच करतो. नुसता मागचा दाबून थांबायची सवय लागली तर एक दिवस चाक घसरतं. आताच्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. तुमची पल्सर त्याआधीची असेल तर नसणार, डिस्कजवळ दातेरी रिंग दिसते का बघा.

वाघबीळकर
रिंग नाही. म्हणजे जुनी.

पामबीच
मग पावसात दुप्पट सांभाळा. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तो दिवस गाडी घरी. झेब्राचा पांढरा पट्टा, गटाराची लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामावर टाकलेल्या पोलादी प्लेट्स यांच्यावर ब्रेकही नाही आणि वळणंही नाही, सरळ पार व्हायचं. पाणी साचलंय तिथे आधी दुसऱ्या कोणाला तरी जाऊ दे.

आणि ज्याची तुम्हाला भीती वाटते तो कंटेनर. मागच्यापेक्षा शेजारचा जास्त घातक. माजिवड्याला, कापूरबावडीला डावीकडे वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या अंगाला कधीच थांबू नका. त्याचं तोंड वळतं आणि मागचा डबा आत कापत येतो, तुम्ही ड्रायव्हरला दिसतही नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच. मागे राहा, हॉर्न खा.

भाच्याला अजून एक, कॉलेजची पोरं हमखास विचारतात म्हणून. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. उलव्याला जायचं तर बेलापूरवरूनच.

उपवनकर
हेल्मेट आयएसआयचंच घ्या, फुटपाथवरचं नको. जून २०२१ पासून दुसरं विकायलाच परवानगी नाही, तरी ढीग लावून विकतात. घालून पट्टा आवळा आणि हनुवटीखालून वर ढकलून बघा, निघालं तर मोठं आहे. मागे बसणाऱ्यालाही हवं, म्हणजे तुमच्या नवऱ्यालाही.

वाघबीळकर
तो मागे बसायला तयार नाही. म्हणतो आधी आठ काढून दाखव. परीक्षेची तारीख भाच्याची आधी मिळालीय, माझी त्यानंतरची. दोघांना एकच गाडी न्यायची असेल तर तारीख बदलून एक करून घेता येते का?

खाडीपल्याड
येते. सारथीवर अपॉइंटमेंट रद्द करून नवीन घ्या, अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख लागेल. भाच्याची पुढे ढकला, तुमची अलीकडे आणू नका, म्हणजे ३० दिवसांचा घोळ नाही. लर्निंगचे सहा महिने संपायच्या आतली तारीख आहे ना, तेवढं बघून घ्या. पास झालात की कार्ड पोस्टाने पत्त्यावर येतं. तोवर डिजिलॉकरमध्ये दिसायला लागलं की ते दाखवलेलं चालतं. पत्ता आधारवर जुना असेल तर आधी तो बदला, पोस्टमन परत घेऊन जातो.

पाच_फूट_नेमकी
आणि तुमचा नंबर आधी लावा. भाच्याने गाडी आणली की आरसे आणि क्लचची दोरी दोन्ही त्याच्या मापाची झालेली असणार.